खुकरीबद्दल, पक्याला

प्रिय पक्या,

४ डिसेंबरला तू टाकलेला नेव्ही डेचा मेसेज बघितला, कराचीवरचा हल्ला वगैरे, छानच आहे, पण पाचच दिवसांनी ९ डिसेंबर १९७१ ला आपली आयएनएस खुकरी बुडाली त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही याचा मला दरवर्षी राग येतो, म्हणून हे लांबलचक पत्र.

पाकिस्तानची हंगोर पाणबुडी काठियावाडच्या बाजूला फिरतेय हे कळल्यावर खुकरी आणि किरपाण तिला शोधायला पाठवल्या. आता गंमत बघ (गंमत कसली म्हणा), हंगोर फ्रान्समधली नवीकोरी, तिला लांबचं ऐकू येणार, आणि आपल्या दोन्ही फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) जुन्या, सोनारची, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राची, रेंज कमी. ती वाढवायला खुकरीवर एक नवीन जोडणी ट्राय करत होते आणि त्यासाठी स्पीड कमी ठेवावा लागायचा. म्हणजे पाणबुडीच्या इलाक्यात संथ चाललेलं जहाज, अजून सोपं टार्गेट काय असतं सांग! रात्री पावणेनऊच्या सुमाराला टॉर्पेडो लागला तो नेमका दारूगोळ्याच्या कोठाराखाली, आणि काही मिनिटांत खेळ खलास. १८ ऑफिसर, १७६ खलाशी गेले. बरेचसे खालच्या डेकवर होते, त्यांना वर यायलाच मिळालं नसणार.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं, पोरांना पाण्यात ढकललं आणि स्वतः जहाजाबरोबर गेले, हे वाचलेल्यांनीच सांगितलंय. महावीर चक्र मिळालं मरणोत्तर. किरपाण थांबली नाही म्हणून लोक अजून नावं ठेवतात, पण मला विचारशील तर थांबली असती तर तीही गेली असती, हंगोर तिथेच होती ना. वाचलेल्यांना दुसऱ्या दिवशी आपल्याच नौदलाच्या आयएनएस कच्छलने उचललं, तोपर्यंत रात्रभर डिसेंबरच्या समुद्रात.

दीवला टेकाडावर स्मारक आहे, काचेच्या पेटीत खुकरीचं मॉडेल, तोंड समुद्राकडे. आणि माझगाव डॉकने बांधलेली दुसरी खुकरी २०२१ ला रिटायर झाली, तीही म्युझियम म्हणून दीवलाच दिलीय. लोक दीवला कशाला जातात ते तुला माहितीये, पण आपण यंदा ९ तारखेलाच जाऊ, सुट्टी आत्ताच टाकून ठेव, ऐनवेळी साहेब नाही म्हणतो हे मला सांगू नकोस.

तुझा,
सुन्या