एआयचा लोगो छापखान्यात का अडतो?

संपादक महोदय,

बचत गट, गृहउद्योग आणि नवे दुकानदार हल्ली एआयकडूनच लोगो करून घेतात. मोबाइलवर तो झकास दिसतो. रडकथा सुरू होते ती फ्लेक्स, पिशवी आणि शिक्का करायला निघाल्यावर.

या साधनांतून अनेकदा १०२४ बाय १०२४ पिक्सेलचे (रंगीत ठिपक्यांचे) चित्र मिळते. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचात ३०० ठिपके धरून, ते जेमतेम साडेआठ सेंटिमीटर रुंद छापता येते. तेच १० फुटी फ्लेक्सवर ताणले की एकेक पिक्सेल ३ मिलिमीटरचा होतो आणि कडा दातेरी निघतात. चित्राची ती पीएनजी फाइल कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून त्याच्या सीडीआर फाइलमध्ये सेव्ह केली, तरी आत पिक्सेलच राहतात. व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न बिघडणारी रेषांची आकृती, होत नाही. पारदर्शक पार्श्वभूमी मागितली तर काही वेळा करडे-पांढरे चौकोन चक्क रंगवून मिळतात, आणि ते छापून आल्यावरच लक्षात येतात!

ऑटो-ट्रेसने, म्हणजे सॉफ्टवेअरकडून चित्राच्या आपोआप रेषा काढून घेतल्याने, काम अर्धेच होते. सावल्या आणि उतरत्या छटांचे चित्र ट्रेस केले की शेकडो तुकडे पडतात, नोडचा (रेषेला वळण देणाऱ्या बिंदूंचा) सुळसुळाट होतो, आणि विनाइल कापणारा प्लॉटर तिथे अडखळतो. म्हणून चित्र मागतानाच दोन सपाट रंग आणि पांढरी पार्श्वभूमी सांगावी. ते कोरल किंवा मोफत मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये खालच्या लेअरवर लॉक करून वर वर्तुळे, सरळ रेषा आणि मोजक्या नोडच्या वक्रांनी आकृती नव्याने काढावी. डावी-उजवी बाजू सारखी हवी असेल तर अर्धी काढून आरशासारखी उलटवावी; एआयच्या दोन बाजू क्वचितच जुळतात. कापडी पिशवीच्या स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते, म्हणजे तिसऱ्या रंगाला खर्च वाढला. पडद्यावरचा झगझगीत पोपटी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मळकट उतरतो. गणवेशावरच्या भरतकामात १ मिलिमीटरहून बारीक रेघ धड उठत नाही.

नाव मात्र एआयकडून लिहून घेऊच नये. ते अक्षरांचे चित्र काढते. ‘अन्नपूर्णा’मधला रफार भलत्याच अक्षरावर बसतो, जोडाक्षर मोडते, ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होतात. नव्या साधनांत अक्षरे बरी येतात, पण प्रत्येक मात्रा तपासत बसण्यापेक्षा मुक्ता किंवा बलूसारख्या खुल्या परवान्याच्या फॉन्टमध्ये नाव टाइप करणे सोपे. मग ते कर्व्हमध्ये (अक्षरांच्या रेषाकृतीत) बदलावे, म्हणजे छापखान्यातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही.

दुसरी अडचण कायद्याची. छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र लोगोत टाकण्याचा मोह अनेकांना होतो आणि एआय ते तत्परतेने काढूनही देते. पण बोधचिन्हे व नावे (अनुचित वापर प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत महाराजांचे नाव आणि चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्याचा व्यापारी वापर करता येत नाही. शिवाय जाते, कमळ, नथ असल्या त्याच मागणीवर अनेकांना मिळतीजुळती चित्रे मिळतात. त्यामुळे नोंदणीआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपल्या मालाच्या वर्गात मोफत शोध घ्यावा: लोणच्यांसाठी वर्ग २९, मसाल्यांसाठी ३०. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क दर वर्गामागे ४,५०० रुपये असून नोंदणी १० वर्षे चालते. रंगाची अट न घालता काळ्या-पांढऱ्यात नोंदवलेले चिन्ह सर्व रंगांसाठी धरले जाते. रंग पुढे बदलायचा असेल तर हेच सोयीचे.

बचत गटांसाठी एआयच्या कार्यशाळा घेणाऱ्यांना विनंती, की चित्र तयार झाल्यावर वर्ग सोडू नका. तासभर ते पुन्हा काढायला शिकवा. प्रत्येकीच्या हाती एसव्हीजी (व्हेक्टर फाइल), कर्व्ह केलेली पीडीएफ आणि एकरंगी काळी प्रत अशा तीन फाइली द्या. ती काळी प्रत १५ मिलिमीटर रुंद छापून झेरॉक्स काढा. त्यात चिन्ह ओळखू आले नाही, तर रेघा कमी करून आकृती तिथेच बदलून घ्या.

— एक मुद्रण व्यावसायिक, कोल्हापूर