चव गेली, पण जिभेची नव्हे

मा. संपादक,

आमचे यजमान सकाळी फुटाळा तलावावर फिरून आले की तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय घरी येत नसत. गेल्या वर्षी मृग बहाराची संत्री आली, त्यांनी पेटी उघडलीसुद्धा नाही. नातू मांडीवर बसला तरी चेहरा तसाच. नातेवाईक म्हणाले, "निवृत्तीनंतर होतं असं, मन रमवा." आम्ही ८ महिने मन रमवत बसलो!

शेवटी डॉक्टरांनी समजावलं. मेंदूत खोलवर डोपामाइन नावाच्या रसायनावर चालणारी एक वाट असते. एखादी गोष्ट हवीशी वाटणं, तिच्यासाठी उठावंसं वाटणं त्या वाटेवर बरंच अवलंबून असतं. तीव्र नैराश्यात तीच मंदावू शकते. नुसतं सेरोटोनिन हे मेंदूतलं दुसरं रसायन कमी झालं, इतकं सोपं ते नाही. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे आधी कळलं असतं तर दहाव्या दिवशी आम्ही गोळ्या बंद केल्या नसत्या. पुन्हा सुरू केल्या. परवा त्यांनी स्वतःहून तर्री मागितली.

नैराश्य म्हटलं की लोक रडणंच शोधतात. आमच्याकडे कुणी रडलं नाही, म्हणून कळलंच नाही. कशातच आनंद न वाटणं हेही त्याचं मुख्य लक्षण आहे, हे आपल्या पुरवणीत ठळक छापा. सोबत १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांकही.

एक निवृत्त शिक्षिका, नागपूर