सव्वीस महिन्यांत फुगलेल्या बॅटरीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

मार्च २०२३ मध्ये ६,४९० रुपयांना घेतलेल्या आपल्या म्युझिक प्लेअरची बॅटरी मे २०२५ मध्ये फुगली. मागचे झाकण एका कडेने इतके उचलले गेले आहे की त्या फटीत रुपयाचे नाणे सहज शिरते. आपल्या सेवा केंद्राने ते नुसते पाहून, न उघडताच, “सुटी बॅटरी येत नाही” असे सांगून परत दिले.

बॅटरी ५०० वेळा चार्ज केल्यावरही तिची ८० टक्के क्षमता शिल्लक राहते, असे आपल्याच माहितीपत्रकात छापले आहे. एका चार्जवर प्लेअर तीस तास चालतो आणि मी रोज दोन तास ऐकतो, म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा चार्जिंग. सव्वीस महिन्यांचा हिशेब त्रेपन्नच्या पुढे जात नाही. लिथियम बॅटरी वापराइतकीच वयाने आणि उष्णतेनेही खराब होते, हे मला ठाऊक आहे आणि आपणांस तर असायलाच हवे. मग जो भाग सर्वांत आधी जाणार, तोच गोंदाने चिकटवून का टाकला?

आज दुपारी चौथ्यांदा फोन केला. बावीस मिनिटे आपली जाहिरातीची धून ऐकवल्यानंतर (ती मात्र न अडखळता वाजते) आपल्या प्रतिनिधीने विचारले, “सर, तुम्ही प्लेअर रोज वापरत होता का?” मी हो म्हणालो. “किती तास?” दोन. पलीकडे काही वेळ कळफलक वाजला आणि मग निदान सापडल्याच्या सुरात उत्तर आले, “मग बरोबर आहे सर, वापर जास्त झालाय.” गाणी ऐकण्यासाठी घेतलेल्या वस्तूवर गाणी ऐकणे हा जास्त वापर असेल तर योग्य वापर कोणता, असे मी शांतपणे विचारले. त्यावर “आता सगळे मोबाइलवरच ऐकतात ना सर,” हे ज्ञान मिळाले आणि लगोलग दहा टक्के सवलतीत नवा प्लेअर घेण्याचा आग्रहही झाला. मोबाइलवरच ऐकायचे असेल, तर नवा प्लेअर कशासाठी घ्यायचा, हे विचारण्याआधीच फोन कट झाला.

१९७९ साली जपानमध्ये आलेला पहिला वॉकमन दोन पेन्सिल सेलवर चालत असे. सेल संपले की ग्राहक कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणत असे. माझ्याकडचा १९९४ चा कॅसेट प्लेअर दोनदा रबरी पट्टा बदलून आजही वाजतो. युरोपीय संघातही १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी असणे, काही अपवाद वगळता, बंधनकारक होणार आहे. आपल्याकडे मात्र सुटी बॅटरी येत नाही. पंधरा वर्षे मी आपलाच माल घेत आलो आणि इतरांनाही घ्यायला लावला, याची आता लाज वाटते.

पंधरा दिवसांत बॅटरी बदलून द्यावी, तिचा वाजवी खर्च मी देईन. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, आणि निवृत्त माणसाकडे वेळही भरपूर असतो. उत्तर लेखी पाठवावे, कृपया फोन करू नये.

तक्रारदार

सोबत: बिलाची प्रत, फुगलेल्या प्लेअरची दोन छायाचित्रे