वर येतं ते पित्त नव्हे

प्रिय अनिल,
सप्रेम नमस्कार.

जळजळलं की आपण सगळेच "पित्त वर आलं" म्हणतो. पण छातीत जाळतं ते बहुतेक वेळा पित्त नसतं, जठरातलं आम्ल असतं. पित्ताचं ठिकाण त्याच्याही खाली आहे.

घास साधारण 25 सेंटिमीटरच्या अन्ननलिकेतून काही सेकंदांत जठरात उतरतो. तिथल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू (pH, आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र) 1.5 ते 3.5. त्यात प्रथिनं उलगडतात आणि पेप्सिन त्यांचे तुकडे करतं. जठराला आतून चिकट श्लेष्म्याचा, बायकार्बोनेट मुरलेला थर असतो, म्हणून ते स्वतः पोळत नाही. अन्ननलिकेला हे कवच नाही. दोघांमधलं स्नायूंचं कडं ढिलं पडलं की आम्ल वर चढतं. ते जास्त झालेलं असेलच असं नाही, ते नको तिथे पोचलेलं असतं. म्हणून जेवणानंतर तीन तास आडवा होऊ नकोस. पलंगाची डोक्याकडची बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचल. नुसत्या उशा वाढवल्यास पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोप, त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं.

जठराचं खालचं दार फार जपून उघडतं, एका वेळी थोडा थोडाच आंबट लगदा पुढे सोडतं. पलीकडे आद्यांत्र, लहान आतड्याचा जेमतेम बारा बोटं लांबीचा पहिला भाग. पचनाचा वेग ठरतो तो इथे. आम्ल आलं की तिथून सिक्रेटिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं आणि स्वादुपिंड ते शमवणारा रस सोडतं. स्निग्धांश आला की कोलेसिस्टोकायनिन हे दुसरं संप्रेरक सुटतं: पित्ताशय, म्हणजे पित्ताची पिशवी, आवळतं आणि जठराचं रिकामं होणं मंदावतं. तेलकट जेवण तासन्‌तास जड वाटतं ते यामुळेच.

पित्त बनवतं यकृत, रोज अर्धा ते एक लिटर. पित्ताशयात मावतं 30 ते 50 मिलिलिटरच, पण तिथे पाणी शोषलं जाऊन ते घट्ट होतं. पित्तात पाचक एन्झाइम नसतात. साबण तेलकट ताटावर करतो तेच काम ते करतं, तेलाचे बारीक थेंब करतं; मग स्वादुपिंडाचं लायपेज ते पचवतं. शौचाचा रंगही पित्ताचाच. पित्ताशयातला खडा मुख्य पित्तनलिकेत अडकला तर शौच पांढुरकी, लघवी गडद आणि डोळे पिवळे होतात. उजव्या बरगडीखाली कळही येते. तेव्हा घरगुती उपायांत दिवस घालवायचे नाहीत.

उलटीतूनही बरंच कळतं. आंबट आणि बिनरंगी असेल तर जठरातली. हिरवी-पिवळी आणि कडू असेल तर पित्त दार ओलांडून मागे आलंय. मोठ्या माणसाला रिकाम्या पोटी उलट्यांवर उलट्या झाल्या की असं पडतं, तेवढ्याने घाबरू नये. तान्ह्या बाळाची गोष्ट मात्र वेगळी. त्याला हिरवी उलटी झाली तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि रक्तपुरवठा तुटला तर आतडं काही तासांत निकामी होतं. बाळ हसत-खेळत दिसलं तरी लगेच रुग्णालय गाठायचं, रात्र असली तरी.

तुझा,
विनायक