दादा, त्या रिकाम्या फोल्डरसाठी मनापासून आभार

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणालो होतो, पण माझं समाधान झालं नाही. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

माझी लायब्ररी (इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असा तयार कोड) छोटीशी, मराठी अक्षरं नीट मोजणारी. ‘क्षत्रिय’ आपण तीन अक्षरांचा शब्द म्हणतो, जावास्क्रिप्टची लेंथ मात्र ८ सांगते; हलन्त, वेलांटी सगळं ती सुटं मोजते. त्यापायी फॉर्ममध्ये मराठी नावं अर्धवट कापली जातात. ते मला फार लागायचं, म्हणून हे लिहिलं आणि हौसेनं एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजेस जिथून सगळे उतरवून घेतात तिथं, टाकलं. दुसऱ्याच दिवशी अमरावतीहून एका डेव्हलपरचा निरोप आला: इन्स्टॉल होतंय, पण इम्पोर्ट केलं (कोडमध्ये वापरायला घेतलं) की मॉड्यूल सापडत नाही. माझ्याकडे तर सगळं व्यवस्थित चालत होतं. दोन रात्री कोड उलटापालटा केला. काही हाती लागलं नाही.

शनिवारी तुम्ही धरमपेठेतल्या आमच्या घरी आलात. मे महिना, कूलर घरघरतोय, समोर तर्री पोहे. तुम्ही कोडकडे पाहिलंसुद्धा नाही. “आधी पार्सल उघडून पाहू, लोकांच्या हातात काय पडतंय ते,” म्हणालात. एनपीएम पॅक ही पॅकेजचं पार्सल बांधणारी कमांड चालवली, तयार झालेली टीजीझेड फाइल एका रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल केली आणि नोड मॉड्यूल्स, म्हणजे इन्स्टॉल केलेली पॅकेजेस जिथं जातात ते फोल्डर, उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. रीडमी होती, सोर्स होता. डिस्ट, म्हणजे वापरायला तयार कोडचं फोल्डरच नव्हतं! गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) नको म्हणून मी ते गिटइग्नोअर या वगळायच्या फाइल्सच्या यादीत घातलं होतं. पॅकेज डॉट जेसन या पॅकेजच्या माहितीच्या फाइलमध्ये पाठवायच्या फाइल्सची यादी नसली आणि एनपीएमइग्नोअर ही एनपीएमची स्वतःची वगळयादीही नसली, की एनपीएम तीच गिटइग्नोअर पाळतं. एका ओळीचं काम. यादीत डिस्ट लिहिलं आणि १.०.१ सोडली, कारण एकदा वापरलेला नंबर पॅकेज काढून टाकलं तरी परत मिळत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

तुम्ही रागावलात ते एकाच गोष्टीवर. मी माझं फंक्शन थेट स्ट्रिंगच्या प्रोटोटाइपवर, म्हणजे पेजवरच्या सगळ्याच स्ट्रिंग्जना (मजकुरांना) लागू होईल असं, चढवलं होतं. मूटूल्स या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीनं अ‍ॅरेवर असंच ‘फ्लॅटन’ चढवलं होतं. जुन्या साइट्स मोडू नयेत म्हणून जावास्क्रिप्टच्या समितीला २०१८ मध्ये आपल्या नव्या फंक्शनसाठी ते नाव सोडून ‘फ्लॅट’ घ्यावं लागलं. “पेज दुसऱ्याचं आहे, तिथं आपण पाहुणे,” एवढंच म्हणालात. त्याच रात्री ते काढून, ज्याला हवं त्यानंच घ्यावं असं साधं एक्सपोर्ट केलं. ते बोलणं मला सगळ्यात जास्त कामी आलं.

अमरावतीहून “चाललं!” असा निरोप आला तेव्हा तुमचीच आठवण झाली. आता दर रिलीजआधी ते रिकामं फोल्डर उघडतो. टायपस्क्रिप्टचे (जावास्क्रिप्टवर बेतलेल्या भाषेचे) टाइप्स जोडायला घेतलेत. सोडण्याआधी एकदा नजर टाकाल ना? आई म्हणते, या खेपेला पोहे गरम असतानाच खायचे.

तुमचा,
धरमपेठेतला धाकटा
नागपूर