केमच्या काठावरून

केंब्रिज,
रविवार, जून

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू विचारलंस, लेकीची बोटींची शर्यत कशी झाली, आणि मी ‘हरली’ म्हणून मोकळा झालो. तेवढ्यात भागण्यासारखं नव्हतं रे ते. म्हणून हा कागद.

आपण काठावर शेंगा खात रेगाटा बघायचो ती मुळा आठव. तिच्यापुढे ही केम म्हणजे ओढाच. आठजणींची बोट सुमारे १८ मीटर लांब. जरा तिरकी झाली की पात्र अडलंच. शिवाय नदी वळणावळणाची. शेजारी शेजारी बोटी सोडायची सोय नाही, म्हणून या लोकांनी १८२७ पासून वेगळीच तोड काढली आहे. सतरा बोटी एकामागे एक, दोघींमध्ये दीड बोटीचं अंतर. तोफ उडाली की पुढचीला गाठून धडक द्यायची, मागची आपल्याला गाठायच्या आत. पाण्यातला खो-खो म्हण! धडक झाली की दोघी काठाला लागतात आणि दुसऱ्या दिवशी जागा बदलून उभ्या राहतात. असे चार दिवस. शेवटी जिथे असाल, तिथूनच पुढच्या वर्षी सुरुवात. म्हणजे लेकीला मिळालेली जागा तिच्या कॉलेजच्या आधीच्या मुलींनी कमावून ठेवलेली. आणि नाव ‘मे बम्प्स’, म्हणजे मे महिन्यातल्या धडका, होतात जूनमध्ये. इथे कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आधी चार मिनिटांची तोफ, मग एक मिनिटाची. त्या शेवटच्या मिनिटात काठावर जी शांतता पसरते ना, पोटात गोळाच येतो. काठाला बांधलेल्या साखळीचं टोक कॉक्सच्या, म्हणजे बोटीला दिशा देणाऱ्या नववीच्या, हातात. तिसरी तोफ झाली की ती सोडून देते. मग काठावरून सायकलींची झुंड निघते. प्रत्येक बोटीचा माणूस शिट्टी वाजवतो: एक शिट्टी, पुढची एका बोटीवर; दोन, अर्ध्यावर; तीन म्हणजे आलीच. वल्हवणाऱ्यांची तोंडं मागे, हे तुला ठाऊक आहेच. पुढचं फक्त कॉक्सला दिसतं. लेक म्हणाली, “बाबा, आम्ही कुणाला पकडतोय ते आम्हाला दिसतच नाही. आम्हाला पकडायला येतात तेवढेच दिसतात.”

गुरुवारी मी ग्रासी कॉर्नरवर उभा होतो. नेमकी तिथेच लेकीची बोट वळणात बाहेर फेकली गेली आणि मागच्यांच्या तीन शिट्ट्या सुरू झाल्या. लेकीचा चेहरा मला दिसत होता, आणि तिला त्या बोटीचं नाक. त्या नाकावर रबरी चेंडू असतो. १८८८ मध्ये एका बोटीचं टोक लागून एक मुलगा गेला, तेव्हापासूनचा. हे मला आदल्याच रात्री कळलं होतं. नसतं कळलं तर बरं झालं असतं.

यांच्या कॉक्सने हात वर केला. संपलं. जिंकलेल्या मुली विलोच्या डहाळ्या केसांत खोवून गात गेल्या, आणि आपल्या नऊजणी काठाला घामाघूम, पण काय हसत होत्या! मला आधी रागच आला, खरं सांगतो.

चारही दिवस धडक खाल्ली. रोज मार खाणाऱ्यांना ‘स्पून्स’ मिळाले असं इथे म्हणतात. काल मैत्रिणींनी एकमेकींना खरेच लाकडी चमचे वाटले. लेकीच्या स्वयंपाकघरात उलथनं नाहीच. आज सकाळचे पोहे मी त्याच चमच्याने परतले.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरुण