रेल्वे तोफा : नळीआधी रूळ पाहा

महोदय,

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘अग्नी-प्राइम’ या भारतीय क्षेपणास्त्राची चाचणी रेल्वेवरील प्रक्षेपकातून झाली आणि महायुद्धांतल्या रेल्वे तोफांचा, म्हणजे रुळांवरच्या गाड्यावर बसवलेल्या अवजड तोफांचा, विषय पुन्हा निघू लागला. अशा लेखांसोबतच्या छायाचित्रांत एक घोळ वारंवार दिसतो. ओळ असते ‘जगातील सर्वांत अजस्र तोफ गुस्ताफ’ आणि चित्र असते क्रुप या जर्मन शस्त्रकंपनीच्याच, पण कितीतरी लहान असलेल्या के-५ तोफेचे. ओळखायची खूण सोपी आहे. खालचे रूळ मोजावेत. के-५ एकाच लोहमार्गावर, प्रत्येकी सहा आसांच्या दोन बोगींवर (चाकांच्या सांगाड्यांवर) उभी असते. गुस्ताफखाली शेजारीशेजारी दोन लोहमार्ग दिसतात.

हा फरक नुसता दिसण्यातला नाही. के-५ चे वजन २१८ टन. बारा आसांवर ते वाटले की एका आसावर साधारण १८ टन येतात. एवढा भार मुख्य मार्ग पेलू शकत, म्हणून ही तोफ स्वतःच्या चाकांवर लांबचा प्रवास करू शकली. गुस्ताफ १३५० टनांची, चाके ८०, म्हणजे आस ४०. आसामागे जवळपास ३४ टन. नेहमीच्या मार्गावर ती उभी करणेच अशक्य. सुटे भाग गाडीने न्यायचे, मोर्चावर खास दुहेरी मार्ग टाकायचा, जुळणीच्या क्रेनसाठी दोन्ही अंगांना आणखी रूळ घालायचे आणि मग तोफ जोडायची. जून १९४२ मध्ये क्रिमियातल्या सेवास्तोपोलवर हा सगळा खटाटोप करून तिने ४८ गोळे डागले. चाचण्यांतले अडीचशेच्या आसपास गोळे धरून तेवढ्यात तिची पहिली नळी झिजली. माझ्या मते शस्त्र म्हणून ती फसलेलीच होती. अभ्यास करावा तो के-५ चा.

के-५ ची नळी २१.५ मीटर, गोळा २५५ किलोचा, पल्ला ६० किलोमीटरहून अधिक. पण गाड्यावर ती डावी-उजवीकडे वळायची फक्त १ अंश. मग नेम कसा धरायचा? त्यासाठी मुख्य मार्गातून वळणाचा फाटा काढत. तोफ त्या वळणावर पुढे-मागे सरकवली की नळीची दिशा बदलते. वळणाची त्रिज्या ३०० मीटर धरली, तर १ अंशासाठी तोफ सव्वापाच मीटर हलवावी लागते. त्याच वळणावर ती ठरल्या खुणेपासून एकच मीटर मागे राहिली, तर ३० किलोमीटरवर गोळा १०० मीटर बाजूला पडतो. म्हणून मार्गाची मोजणी आणि थांबण्याच्या खुणा यांत चूक परवडत नसे. एका वळणातून सगळ्या दिशा मिळत नाहीत; त्यावर उपाय म्हणून जर्मनांनी तोफ पूर्ण फिरवता येईल असे फिरते मंचही वापरले. ते उभारायला अर्थातच वेळ लागे.

दुसरी अडचण तोफ उडताना मागे बसणाऱ्या धक्क्याची. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी अनेक तोफांना धक्का शोषणारी वेगळी यंत्रणा दिलीच नाही. जॅकने गाड्याचे वजन चाकांवरून काढून खालच्या तुळयांवर घ्यायचे. तोफ उडाली की अख्खा गाडा घर्षणाने थांबेपर्यंत मागे घसरे. नंतर तो पुन्हा चाकांवर घेऊन जागेवर आणायचा आणि नेम नव्याने लावायचा. रचना स्वस्त, साधी, पण फार सावकाश. अमेरिकी नौदलाने १९१८ मध्ये फ्रान्समध्ये आणलेल्या १४ इंची पाच तोफांची तऱ्हा वेगळी. नळी १५ अंशांपर्यंत उचललेली असेल तर रुळांवरूनच मारा होई. त्याहून वर उचलली की धक्क्याने मागे येणारे नळीचे बूड खाली आदळणार, म्हणून मार्गाखाली खड्डा खणून लाकूड-पोलादाचा पाया घालावा लागे. लांब पल्ला हवा तर नळी उंच हवी आणि नळी उंच हवी तर खड्डा हवा. गाडी तासांत पोहोचे, खड्ड्याला मात्र बराच जास्त वेळ लागे.

लपवणे हे तिसरे काम. ताजा वळणदार फाटा विमानातून काढलेल्या छायाचित्रात लगेच उठून दिसतो. १९४४ मध्ये इटलीतल्या आंझिओवर मारा करणाऱ्या दोन के-५ बोगद्यात दडत, बाहेर येऊन मोजके गोळे टाकत आणि परत आत जात. त्यांना जीवदान दिले ते बोगद्याने. पण मागचा मार्ग तुटला की अशी तोफ अडकलीच. त्या वर्षी जूनमध्ये या दोन्ही तोफा दोस्त राष्ट्रांच्या सैन्याला इटलीतल्याच चिविताव्हेकिया येथे सापडल्या. जर्मनांनी जाता जाता त्या निकामी केल्या होत्या. त्यांतली कमी नुकसान झालेली ‘लेओपोल्ड’ अमेरिकेत नेऊन जतन केली आहे.

म्हणूनच ‘अग्नी-प्राइम’ला रेल्वे तोफेचा नवा अवतार म्हणणे अर्धेच खरे आहे. क्षेपणास्त्र हवेत स्वतः दिशा बदलते, त्यामुळे वळणाचा फाटा नको. तोफेसारखा धक्का नाही, त्यामुळे खड्डाही नको. पूल, बोगदे आणि जंक्शन यांवरचे अवलंबित्व मात्र तसेच आहे.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुढे काही छापाल, तेव्हा नळीच्या छायाचित्राशेजारी वळणाच्या फाट्याचा एक साधा आराखडाही द्यावा, ही विनंती.

– एक अभ्यासक वाचक, पुणे